चाळीस पांढरे पाय

माजिवडा
१६ ऑक्टोबर १८८७

प्रिय अल्फान्सो,

इथे सगळं ठीक आहे आणि तुझी आठवण येते, असं आधी लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. आता कामाचं ऐक.

नव्या भाताच्या सणाला सगळं घराणं जेवायला बसलेलं. थोरले दीर, म्हणजे तुझे लाडके कॉस्मासभाऊ, हात धुता धुता म्हणतात कसे, "फेलिशियाची वाडी आता माझ्या वाडीला जोडून टाकू. बाईमाणसाच्या हातून तिथे काय होतंय? चौदा वर्षं झाली, चार गावठी डुकरं नि दोन वाफे वांगी." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या रे! माझ्या नवऱ्याच्या वाटणीची वाडी, आणि तो गेल्यावर हातांना घट्टे पाडून ती राखली मी. माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले नि म्हटलं, "ईस्टरपर्यंत थांबा. मी साहेबाकडची खरी विलायती डुकरीण आणते. ईस्टरला तिची विलायती पिल्लं माझ्या वाडीत नाही दिसली, तर वाडी तुमची आणि मी भावाकडे कल्याणला."

बोलून गेले खरी. आता तू हात दे. मेमध्ये तू म्हणालेलास ना, तुमच्या रेल्वेतला एक साहेब मायदेशी परत चाललाय आणि त्याची बर्कशायर डुकरं विकायची आहेत? लग्नातल्या पाटल्या मी मोडल्यात. लगेच जा. चांगली बघ, कुळाचा कागद असलेली बघ, आणि गाभण असेल तर उत्तमच.

तुझी बहीण,
फेलिशिया

---

कल्याण
२६ ऑक्टोबर १८८७

प्रिय बाय,

तुझं पत्र वाचून माझी पाचावर धारण बसली. वाडी पणाला लावण्याआधी एकदा मला विचारायचंस तरी! पण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. मालगोदामातून सुटल्याबरोबर साहेबाच्या बंगल्यावर गेलो.

डुकरीण पाहिली. काय सांगू तुला! काळी कुळकुळीत, पाठ पाटासारखी सरळ, कान उभे, नाक आखूड आणि वर वळलेलं. चालते तर साहेबाची मडमच मागे पडावी. तिच्या कुळाचा कागद आहे. बाप कोण, आई कोण, आजी कोण, कुठे जन्मली, सगळं त्यात आहे. बाय, आपल्या पणजीचं नाव आपल्याला माहीत नाही आणि हिच्या पणजीचं छापून आलंय.

मुख्य गोष्ट अशी की गेल्या रविवारी, तेवीस तारखेला, तिला साहेबाच्या नराकडे सोडलं होतं. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस मोजायचे, असं साहेबाचा माळी सांगतो. म्हणजे चौदा फेब्रुवारीच्या सुमारास. सौदा पक्का केला आहे.

एक सहज विचारतो. कॉस्मासभाऊ अजून तुला तसं बोलतात का?

तुझा,
अल्फान्सो

---

माजिवडा
३० ऑक्टोबर १८८७

अल्फान्सो,

शाबास रे माझ्या राजा! तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि एकदा ठमाबाईला वाचून दाखवलं. ठमाबाई म्हणजे शेजारच्या राघोची बायको. ती म्हणाली, "बाय, पाट मांडून ठेव गो, मडम येतेय."

सहज विचारतोस, तर सरळ सांगते. हो, अजून बोलतात. पांढऱ्या पायाची. लग्नानंतर नऊ महिन्यांत तुझे भावोजी तापाने गेले, त्या दिवसापासून या घराण्यात माझं हेच नाव आहे. पाद्रीबाबा रविवारी सांगतात शकुन-अपशकुन मानणं पाप, सगळे आमेन म्हणतात नि घरी येऊन मानतात. परवा कॉस्मासभाऊंच्या जॉर्जिनाचा साखरपुडा झाला. मला निरोप आला, "मागच्या दाराने ये हो, पुढच्या दाराने पाहुणे येतील." मागच्या दाराने गेले, भांडी घासली, मागच्या दाराने आले. पोरीचं भलं होवो, तिचा काय दोष!

म्हणून तर ही डुकरीण मला हवीच आहे. शनिवारी ठाणे स्टेशनावर राघो बैलगाडी घेऊन उभा राहील.

फेलिशिया

---

कल्याण
५ नोव्हेंबर १८८७, सकाळी

प्रिय बाय,

ही चिठ्ठी पिंजऱ्याला बांधून पाठवतो आहे. कुळाचा कागद लखोट्यात आहे, तो जपून ठेव, कोणाला वाचून दाखवायची काही गरज नाही.

तिला आंघोळ घालू नकोस. गाभण आहे, गारठा बाधेल. तेलकट वास आला तर घाबरू नकोस, मालाच्या डब्याचा आहे. पायांना तर मुळीच पाणी लावू नकोस, पाय फार नाजूक असतात यांचे.

अल्फान्सो

---

माजिवडा
७ नोव्हेंबर १८८७

अल्फान्सो,

मेल्या, तू काय पाहून सौदा केलास? डोळे उघडे होते का?

आली तेव्हा मी हरखले. सगळं गाव लोटलं. पिंजरा उतरवला तशी ती उतरली, इकडे तिकडे बघितलंन् आणि थेट माझ्या पेजेच्या मडक्यात तोंड घातलंन्. मला वाटलं, घर ओळखलं पोरीने. तू लिहिलेलंस कागद वाचून दाखवू नकोस. पण असा कागद घरात असताना मी गप्प बसणारी बाई आहे का? काल मिस्सा झाल्यावर पाद्रीबाबांना घरी बोलावलं. कॉस्मासभाऊंनाही बोलावलं, मुद्दाम. सगळे अंगणात बसले.

पाद्रीबाबांनी चष्मा लावला नि वाचायला घेतलं, अगदी बाप्तिस्म्याच्या वहीतून वाचतात तसं. बापाचं नाव, आईचं नाव, आजीचं नाव. लोक आ वासून ऐकत होते. पुढे वाचलं, "अंग काळे. चारही पाय पांढरे. नाकाचा शेंडा पांढरा, शेपटीचा गोंडा पांढरा. या सहा खुणा नसतील तर जनावर अस्सल समजू नये."

सगळ्यांनी डुकरिणीकडे पाहिलं. पायापासून शेपटीपर्यंत काळी ठिक्कर.

कॉस्मासभाऊ उठले, तिच्याभोवती एक फेरी मारली नि म्हणाले, "कागद मडमेचा आणि डुकरीण गावठी. भावाला चुना लावला कल्याणच्या साहेबाने." लोक हसले, अल्फान्सो. मुलं हसली. जाता जाता वळून म्हणतात, "आता उद्या ही पाय चुन्याने रंगवून दाखवेल, बघा." मी तिथेच पायरीवर बसले.

साहेबाकडे जा. आत्ता जा. बदलली असेल तर माझी आणून दे. पाटल्या पुन्हा होत नाहीत आणि वाडीही.

फेलिशिया

---

कल्याण
२० नोव्हेंबर १८८७

प्रिय बाय,

उत्तराला उशीर झाला. गोदामात काम फार होतं, शिवाय मला पडसं झालेलं.

साहेब दोन तारखेलाच बोटीने गेला. कागद लिहिणाऱ्याची चूक असावी. असे कारकून असतात, मी स्वतः कारकून आहे, मला माहीत आहे. डुकरीण तीच आहे, याची मी शपथ घेतो. तू मन शांत ठेव. कोंडा आणि ताडीचा गाळ देत जा, पण आंघोळ नको.

तुझा,
अल्फान्सो

---

माजिवडा
२३ नोव्हेंबर १८८७

अल्फान्सो,

काल तिच्या मागच्या पायाला गोचीड चिकटलेली म्हणून करंजेल लावून चोळलं. माझी बोटं काळी झाली. आणखी चोळलं, आणखी काळी. नाकाशी नेली तर वास तुझ्या स्टेशनातल्या बत्तीखोलीचा. खाली केस निघाले ते पांढरेशुभ्र.

तुझं पडसं बरं झालं असेल तर एवढंच लिही. का?

फेलिशिया

---

कल्याण
२५ नोव्हेंबर १८८७

बाय,

मी काजळी लावली. बत्तीवाल्या मारुतीकडून कंदिलांची काजळी घेतली, तेलात खलली आणि माझ्या हाताने चारही पाय, नाक, शेपटी काळी केली. दोन हात दिले. ती उभी राहिली बिचारी, मला वाटतं तिला गुदगुल्या होत होत्या.

का विचारतेस. भावोजींच्या मातीला मी दहा वर्षांचा होतो. तुझ्या पदराला धरून उभा होतो. लोक परतत होते तेव्हा कॉस्मासभाऊ तुझ्या अंगावरून गेले आणि ते दोन शब्द म्हणाले. तू खाली बघितलंस आणि पाय पदराखाली ओढून घेतलेस. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, पण मी पाहिलं होतं. त्यानंतर कित्येक दिवस तू पायांना जुने कपडे गुंडाळून वावरायचीस. आईला म्हणायचीस भेगा पडल्यात. भेगा नव्हत्या, बाय. मला माहीत होतं.

साहेबाच्या गोठ्यात डुकरीण पाहिली. सगळं मनासारखं, आणि खाली बघतो तर चार पांढरे पाय. माझ्या डोळ्यांपुढे तुझं अंगण आलं, गाव आलं, आणि कॉस्मासभाऊंचं तोंड आलं. पांढऱ्या पायाच्या बाईने पांढऱ्या पायाचं जनावर आणलं, असं ते म्हणणार, आणि तू पुन्हा खाली बघणार. ते मला बघवलं नसतं. कागदात रंगाचं काही निघालं तर, म्हणून तो वाचून दाखवू नकोस म्हटलं. पण त्याच खुणेवर जनावर अस्सल ठरतं हे मला कुठे ठाऊक! कागद इंग्रजीत होता, मी नावं वाचून खूश झालो आणि शेवटच्या ओळींपर्यंत पोचलोच नाही. मग तुझं पत्र आलं आणि मला तोंड दाखवायला जागा उरली नाही.

हवं तर मी रविवारी येतो आणि सगळ्या गावासमोर सांगतो. हवं ते बोल मला.

अल्फान्सो

---

माजिवडा
१ डिसेंबर १८८७

माझ्या वेड्या भावा,

तुझं पत्र ठमाबाईला वाचून दाखवायला घेतलं नि मध्येच मला वाचता येईना. तिने विचारलं, काय झालं गो? मी म्हटलं धूर गेला डोळ्यांत. चूल विझलेली होती.

तुला वाटतं मी रागावले असेन. रागावले आहेच. अकलेचा कांदा! इंग्रजी वाचता येणारा सगळ्या घरात तू एकटा नि शेवटच्या ओळी तू वाचत नाहीस! पण इतकी वर्षं मला वाटायचं ते फक्त मलाच लागलं. दहा वर्षांच्या पोराला लागलं असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. तू ते एवढं सांभाळून ठेवलंस, माझ्यासाठी काजळी खललीस. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

तू यायचं नाहीस आणि काही सांगायचं नाहीस. आत्ता मी तिचे पाय धुऊन दाखवले तर कॉस्मासभाऊ म्हणतील, बघा, सांगितलेलं ना चुना लावेल म्हणून! तू येऊन सांगितलंस तर म्हणतील, बहिणीसाठी भाऊ खोटं बोलतो. आता हे पाय मी धुऊन उपयोग नाही. जे सांगायचं ते तिची पिल्लं सांगतील. फेब्रुवारी किती लांब आहे? मी तिला खाजणाकडच्या वाफ्यात ठेवलंय, तिथल्या चिखलात कोणाचेच पाय पांढरे दिसत नाहीत. हसू दे लोकांना.

नाव ठेवलंय तिचं. राणी.

तुझी बाय

---

कल्याण
१२ जानेवारी १८८८

प्रिय बाय,

नाताळात दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. गाभण आहे ना ती? माळ्याचं ऐकून मी तारीख लिहिली, माळी खोटं बोलला असेल तर? मी तुझ्यासाठी माझी खोली झाडून ठेवली आहे. वाईट वाटून घेऊ नकोस, नुसतं सांगून ठेवतो.

अल्फान्सो

---

माजिवडा
१४ जानेवारी १८८८

खोली झाडायची असेल तर स्वतःसाठी झाड. पोट जमिनीला टेकायला आलंय.

फे.

---

माजिवडा
१५ फेब्रुवारी १८८८, राखेचा बुधवार

अल्फान्सो, अल्फान्सो,

कपाळावर राख घेऊन लिहिते आहे आणि हसू आवरत नाही. देव मला क्षमा करो.

तू दिलेला दिवस कालचा होता. उपास सुरू व्हायच्या आधीचा शेवटचा मंगळवार, घरोघरी तळणं चाललेली. दुपारी कॉस्मासभाऊ दोन माणसं आणि मापाची दोरी घेऊन वाडीत आले. "ईस्टरला गडबड नको, आत्ताच बांध कुठे घालायचा ते बघून ठेवतो," म्हणाले. माझ्या केळींमधून दोरी ओढत होते रे! मी ओढू दिली. राणीने सकाळपासून पेंढा ओढून ओढून घर केलेलं, मला कळलेलं आजच आहे.

ते दोरीचं दुसरं टोक खुंटीला बांधत होते, तेवढ्यात ठमाबाई ओरडली, "बाय गो, धाव!" सगळे धावले. कॉस्मासभाऊ दोरी हातात धरूनच धावले.

पहिलं पिल्लू आलेलं. ठमाबाईने पेंढ्याने पुसलं नि वर धरलं. काळंभोर, एवढंसं, आणि त्याला चार पांढरे पाय. पांढरं नाक. शेपटीला पांढरा गोंडा. मग दुसरं आलं, तिसरं आलं. प्रत्येक पिल्लू आलं की ठमाबाई पाय वर धरायची आणि राघो मोठ्याने मोजायचा, "चार! आठ! बारा!" सोळाच्या पुढे सगळं गाव त्याच्याबरोबर मोजायला लागलं. नऊ पिल्लं झाली, सगळी जिवंत, सगळी एकसारखी. छत्तीस!

कॉस्मासभाऊ म्हणाले, "चुना असेल." अरे, आईच्या पोटातून चुना लावून कोणी येतं का? पण म्हणाले. एक पिल्लू उचललं, अंगठ्याला थुंकी लावली आणि पाय घासला. घासघास घासला. पिल्लू ओरडलं, पाय पांढराच. आता लोक हसले ते कोणाला, तू ओळख.

मग मी आत गेले. घंगाळात कोमट पाणी घेतलं, रिठे घेतले, आणि सगळ्यांच्या देखत राणीच्या पायाशी बसले. ती पडून पिल्लांना पाजत होती, तिला कसलीच फिकीर नव्हती. एक एक पाय धुतला. खाजणाचा चिखल गेला, तुझी काजळी कुठे कुठे उरलेली तीही गेली. कापसासारखे पांढरे पाय निघाले. राघो म्हणाला, "आणि हे चार. चाळीस!"

पाद्रीबाबा मागे येऊन कधी उभे राहिलेले कोणाला कळलं नाही. ते म्हणाले, "उद्यापासून चाळीस दिवस उपास. हे चाळीस पाय तोपर्यंत लक्षात ठेवा सगळ्यांनी." कॉस्मासभाऊंनी दोरी गुंडाळली आणि गेले. खुंटी तशीच राहिली. मी ती उपटून चुलीत घातली.

तुझं गुपित मी सांगितलं नाही. आधी काळे पाय का होते असं लोकांनी विचारलं, तर मी म्हटलं, विलायतेहून आलेली, आपल्या उन्हाने काळवंडली.

मी जिंकले रे!

तुझी बाय

---

कल्याण
१८ फेब्रुवारी १८८८

बाय!

गोदामात टेबलावर उभा राहून मी तुझं पत्र वाचून दाखवलं. मारुतीने बत्तीखोलीतले सगळे कंदील भर दुपारी पेटवले आणि हेड कारकुनाची बोलणी खाल्ली. त्यानेच काजळी दिली होती, म्हणून तो म्हणतो निम्मी पिल्लं माझी.

मी नाचलो, बाय. मग खोलीवर जाऊन रडलो. आता सांग, कॉस्मासभाऊ काय म्हणाले?

तुझा अल्फान्सो

---

माजिवडा
३ एप्रिल १८८८

प्रिय अल्फान्सो,

दीड महिना त्यांनी काही म्हटलं नाही. रस्त्यात दिसले की ताडाकडे बघत जायचे. इकडे माझ्या दारात रीघ. घोडबंदरच्या रस्त्यावरच्या गावांतून लोक पिल्लं सांगून ठेवायला येतात आणि आल्या आल्या पहिली गोष्ट कोणती करतात? खाली वाकून पाय बघतात. "पांढरे आहेत ना? चारही?" माझ्या अंगणात, माझ्या तोंडावर, दिवसातून दहादा. आधी दर वेळी मी आत निघून जायचे. मग जायचं थांबलं. आता कोणी विचारलं की मी म्हणते, "चारही! बघून घ्या!"

काल ईस्टरचा सोमवार. सकाळी दार वाजलं. बघते तर कॉस्मासभाऊ, नवं धोतर, हातात टोपी. वाडीचं नाव नाही काढलं. खोकले, राणीची चौकशी केली, पेरूच्या झाडाची चौकशी केली. शेवटी म्हणाले, "जॉर्जिनाच्या लग्नानंतर एक पिल्लू आमच्याकडे असावं म्हणतो. सगळ्यांनी सांगून ठेवलीत, आमचं राहून जाईल."

मी म्हटलं, "घ्या की. कोणतं हवं?"

ते खाली बसले. पासष्टीचा माणूस, गुडघे वाजले. एक पिल्लू उचललं, पुढचे पाय बघितले, मागचे बघितले, बोटं फाकवून बघितलं. ठेवलं. दुसरं उचललं. नऊच्या नऊ बघितली. मी उभी होते, अनवाणी, आणि पाय पदराखाली घेतले नाहीत. मग एक छातीशी धरून म्हणाले, "हे दे. याचे पाय सगळ्यांत पांढरे आहेत."

म्हणाले आणि थबकले. माझ्या पायांकडे बघितलं त्यांनी. मग वर बघायचं धाडस होईना. कान लाल झालेले. अल्फान्सो, इतकी वर्षं मी मनात उत्तरं तयार केलेली, एकापेक्षा एक जहरी. सगळी ओठांवर आलेली. आणि त्यांच्या छातीशी ते पिल्लू त्यांच्या नव्या सदऱ्यावर मुतलं. मला इतकं हसू आलं की एकही उत्तर आठवेना.

तेही हसले. पहिल्यांदाच हसताना पाहिलं मी त्यांना. मग हसू गेलं नि हळूच म्हणाले, "फेलिशिया, मी फार वाईट बोललो तुला. चौदा वर्षं." मी म्हटलं, "हो, बोललात." गोड बोलून सोडून द्यायची माझी तयारी नव्हती. त्यांनी मान हलवली.

पिल्लू माझ्या हातात परत दिलंन्. म्हणाले, "मी नाही नेत. आठ दिवसांनी दूध तुटलं की तूच घेऊन ये. लग्नाच्या आधी, पाहुणे यायच्या आधी. तुझ्या हाताने सोड गोठ्यात." आणि फाटकापर्यंत जाऊन वळून ओरडले, शेजारपाजारला ऐकू जाईल असं, "पुढच्या दाराने ये!"

तर आता तू ये. रजा काढ. पुढच्या मंगळवारी एका काखेत पिल्लू आणि दुसऱ्या हाताला तू, अशी मी त्या दाराने जाणार आहे. पहिलं पाऊल माझं. पाय धुऊन ठेवलेत.

मारुतीला त्याचं पिल्लू मिळेल म्हणून सांग. तू मात्र रिकाम्या हाताने ये. काजळीची डबी दिसली तर स्टेशनावरूनच परत पाठवीन.

तुझी बाय,
फेलिशिया